लंगड्या हंसातलं सरळ टेबल

मंगळवारी दुपारी ऑल्वेन टशिंगम 'लंगडा हंस' पबात शिरली ती फक्त बनातीवर ब्रश फिरवायला. संध्याकाळी ढालीचा सामना होता. 'नांगर आणि पोळं' या पबाची टीम येणार होती, आणि सामन्याच्या दिवशी बॅगाटेलच्या टेबलाची हिरवी बनात, म्हणजे वरचं लोकरी कापड, कॅप्टननेच झाडायची असा तिचा नेम होता. आत येऊन बघते तो टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत छान पॉलिश केलेले बूट.

"कोण मेलंय?" तिने विचारलं.

"मी आहे, कॅप्टन," पाय म्हणाले. "क्रिस्पिन."

क्रिस्पिन व्हॉटमो गेल्या हिवाळ्यात लंडनहून चेस्टरला राहायला आला होता. त्याच्याकडे जुनी बॅगाटेलची टेबलं होती. आपण पोरांच्या हातात देतो तो खिळे ठोकलेला पाट नव्हे. माणसापेक्षा लांब, एका टोकाला गोल, नऊ खळग्यांची, क्यू नावाच्या लांब काठीने खेळायची खरी टेबलं. बैठकीच्या खोलीत, जिन्याखाली, एक तर न्हाणीघरात. असा माणूस टीमला उपयोगी पडेल म्हणून ऑल्वेनने त्याला राखीव खेळाडूत घेतलं होतं. टीममध्ये कुणी आजारी पडत नसल्याने त्याला अजून एकदाही खेळावं लागलं नव्हतं.

तो सरपटत बाहेर आला. कपाळाला जळमटं, चेहऱ्यावर बाळसं धरलेला आनंद. टेबलावर गवंड्याची असते तशी पाणसळ ठेवली होती आणि तिच्यातला बुडबुडा बरोब्बर मधोमध शहाण्यासारखा बसला होता.

"तुमच्यासाठी भेट," क्रिस्पिन म्हणाला. "कॅप्टन, हे टेबल वाकडं होतं! खिडकीच्या बाजूला चांगलं बोटभर उतरलेलं. इतकी वर्षं तुम्ही लोक वाकड्या टेबलावर खेळत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही!"

ऑल्वेनच्या हातातला ब्रश खाली पडला.

लक्षात आलं नाही म्हणे! लंगड्या हंसातल्या टेबलाला खिडकीकडे ओढ आहे हे त्या गावात बाप्तिस्म्याआधी समजतं. पाचाच्या खळग्यात चेंडू घालायचा तर आठाकडे नेम धरायचा. दोनात घालायचा तर चाराच्या खळग्याच्या कडेवर. आणि मधला नऊ हवा असेल तर टेबलाकडे बघायचंच नाही. शेकोटीवर कोल्ह्याचं मुंडकं टांगलंय, त्याच्या डाव्या कानाकडे बघून क्यू मारायची. ऑल्वेन तिशीत असल्यापासून त्या कानाकडे बघत आली होती. या पबात तिला कुणी हरवलं नव्हतं. बाहेरच्या पबांत तिचा खेळ बेताचाच व्हायचा; पण तो दोष, तिच्या मते, बाहेरच्या टेबलांचा होता. 'नांगर आणि पोळं'चा कॅप्टन डग्लस बोस्टॉक मात्र लीगभर सांगत फिरायचा की, "टशिंगम खेळत नाही. टशिंगमचं टेबल खेळतं."

हे वाक्य ऑल्वेनला दातात अडकलेल्या मांसासारखं सलायचं. त्याला उत्तर एकच होतं, ते म्हणजे दर वेळी जिंकणं.

"पायाखाली काय होतं?" तिने विचारलं. आवाज शांत होता. ओळखीच्या माणसांनी असा आवाज ऐकला असता तर कोट उचलून घर गाठलं असतं.

"कचरा हो नुसता. ग्लासाखालचे पुठ्ठे, एक चेपलेला तंबाखूचा डबा, आणि एक हाड. कोंबडीचं असावं."

"कुठाय ते?"

"टाकलं. मघाशीच गाडी येऊन गेली."

"तू," ऑल्वेन म्हणाली, "माझं टेबल सरळ केलंस?"

"हो!" क्रिस्पिन म्हणाला, आणि आभाराची वाट बघत उभा राहिला.

ऑल्वेनने आयव्हरला फोन केला. आयव्हर हा निवृत्त बसचालक आणि टीमचा दुसरा हुकमी एक्का. तो धापा टाकत आला, पाणसळीकडे बघितलं आणि टोपी काढली. घरात मयत झाल्यावर काढतात तशी.

"कोणी केलं हे?"

"यांनी. भेट आहे म्हणे."

"लेका," आयव्हर क्रिस्पिनला म्हणाला, "तू कुणाच्या घरी जेवायला जातोस तेव्हा त्यांची बायकोही सरळ करून येतोस का रे?"

मग दोघांनी टेबल पुन्हा वाकडं करायला घेतलं. ते जमेना. सरळ करायला पाणसळ असते. जसं होतं तसं वाकडं करायला काहीच नसतं. आयव्हरने पायाखाली चार पुठ्ठे घातले. चेंडू खिडकीकडे वळायच्या ऐवजी थेट खिडकीत गेला. दोन काढले, चेंडू मध्येच थांबला आणि विचारात पडला. ऑल्वेन म्हणाली, इतकं नव्हतं. आयव्हर म्हणाला, याहून जास्त होतं. शेवटी त्याने हट्टाने जेवणाचं मेन्यूकार्ड घडी करून सारलं, तर चेंडू गोल टोकाला वळसा घालून त्याच्याच पोटाशी परत आला.

"अर्धवट वाकड्यापेक्षा सरळ बरं," ऑल्वेन शेवटी म्हणाली. आयुष्यात आपल्या तोंडून असं वाक्य निघेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्याचाही तिला संताप आला. "काढ ते सगळं. राहू दे."

संध्याकाळी 'नांगर आणि पोळं'ची माणसं आली. पाहुण्यांना सरावाचा एक चेंडू मिळतो. बोस्टॉकने क्यूला खडू लावला, टेचात कोल्ह्याच्या कानाकडे बघितलं आणि मारला. चेंडू सरळ गेला. अगदी रांगेत चालणाऱ्या शाळकरी पोरासारखा सरळ गेला आणि शेकोटीच्या बाजूच्या कडेला जाऊन टेकला.

बोस्टॉक लाल झाला, मग जांभळा. "हे सरळ आहे!"

"आहे," ऑल्वेन म्हणाली.

"सरळ टेबल देता? पाहुण्यांना? अगं टशिंगम, लाज कशी वाटत नाही? आठवडाभर आम्ही आमच्या टेबलाच्या पायाखाली विटा घालून सराव केलाय! विटा उचलताना आमच्या बॅरीच्या कंबरेत उसण भरली. अजून सरळ उभं राहता येत नाही त्याला!"

बॅरीने मागून हात वर केला. तो खरोखरच खिडकीकडे कलून उभा होता.

"म्हणजे तुमचं टेबल सरळ होतं ते तुम्ही वाकडं केलं," क्रिस्पिन मध्येच म्हणाला, "आणि इथलं वाकडं होतं ते मी सरळ केलं. मग फसवणूक नेमकी कोणी—"

"तू गप्प बस!" दोन्ही टीम एकदम म्हणाल्या. त्या सामन्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढंच.

सामना कसला, शोकसभा होती ती. आठ-आठ खेळाडू, प्रत्येकाचे नऊ चेंडू, सगळे कोल्ह्याच्या कानाकडे बघून मारलेले, सगळे शेकोटीकडे जाऊन बसलेले. डोक्याला कळत होतं की टेबल सरळ आहे; हाताला कोण सांगणार? माणसं नेम धरायची, मनाशी बजावायची, आणि ऐन वेळी खांदा आपसूक वळायचा. बॅरीचा तर खांदा परत येतच नव्हता. फळ्यावर असे आकडे पडले की एरवी ते एकट्या खेळाडूच्या नावापुढेही शोभले नसते. आयव्हरने खेळून झाल्यावर क्यू भिंतीला टेकवली आणि कुणाशी न बोलता आपला ग्लास शेकोटीकडे तोंड करून प्यायला.

'नांगर आणि पोळं' थोडं पुढे होतं. लंगड्या हंसाचा शेवटचा डाव राहिला होता, आणि शेवटचा डाव नेहमी कॅप्टनचा.

"कॅप्टन, एक सुचतंय," आयव्हर कानाशी म्हणाला. "राग येईल तुला. तुझ्या जागी याला उतरव. घरभर टेबलं आहेत याची आणि सगळी सरळ. याच्या हाताला सरळच ठाऊक असणार."

ऑल्वेनला राग आलाच. पण आयव्हरचं म्हणणं खरं होतं. तिने दात आवळून क्यू क्रिस्पिनपुढे धरली. "घे. खेळ."

क्रिस्पिनने हात मागे घेतले. "मी नाही खेळत."

"घाबरू नको रे, घरच्यासारखं खेळ."

"नाही म्हणजे, मी खेळलेलोच नाही, कॅप्टन. कधीच. बनात झिजते ना."

बोस्टॉकने तोंडाला लावलेला ग्लास खाली ठेवला.

"घरात इतकी टेबलं," तो सावकाश म्हणाला, "आणि तू त्यांचं करतोस काय?"

"बघतो."

"काय बघतोस?"

"टेबलं."

"आणि या माणसाने," ऑल्वेन पबाच्या छताला उद्देशून म्हणाली, "माझ्या टेबलाला हात लावला!"

तिने क्यू हिसकावून घेतली आणि खेळायला उभी राहिली. पहिला चेंडू खळग्यांपुढे ठिपक्यावर ठेवलेल्या काळ्या चेंडूला घासून शेकोटीकडे गेला. दुसराही तिकडेच. तिसऱ्याला मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, आणि ते हसू बोस्टॉकचं होतं हे तिला वळून न बघता कळलं. टशिंगम खेळत नाही. टशिंगमचं टेबल खेळतं.

तिने मान खाली घातली. कोल्हा वर राहिला. टेबलाच्या गोल टोकाला, खळग्यांच्या कड्याच्या बरोबर मध्ये, नऊचा खळगा होता. त्याच्या काठाची बनात काळपट झाली होती आणि आकड्याचा रंग अर्धा उडाला होता. हे तिला नवीनच होतं. इतक्या वर्षांत खेळताना तिने त्या खळग्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

खांदा वळायला लागला. तिने मनातल्या मनात त्याला एक अशी शिवी दिली की खांदा जागच्या जागी थिजला. आणि मारला.

चेंडू गेला, काळ्याला खडसावून बाजूला सारलं, आणि नऊमध्ये जाऊन बसला. 'टप्' असा आवाज झाला. तो आवाज तिने हजारदा ऐकला होता, पण त्यात आपलं काही आहे असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.

पुढचे चेंडू काही पडले, काही नाही. काळा चारात गेला; काळ्याचे गुण दुप्पट, म्हणजे आठ. शेवटचा सहाच्या काठावर थबकला, डोकावला, आणि नको म्हणाला. आयव्हरने फळ्यावर बेरीज केली, पुन्हा केली, आणि खडू खाली ठेवला. दोन गुणांनी लंगडा हंस हरला होता. स्वतःच्या पबात.

बोस्टॉकची माणसं ओरडली नाहीत. फळ्यावरचा आकडा बघून कुणाचीच ती छाती नव्हती. बोस्टॉक ऑल्वेनला कोपऱ्यात घेऊन गेला.

"हे बघ टशिंगम," तो दबक्या आवाजात म्हणाला, "या गुणांवर ढाल नेली तर आमचीच शोभा होईल. तू तक्रार कर. सीझन चालू असताना टेबलाला हात लावला तर सामना रद्द, असा नियम आहे. मी होकार देतो. तुमचं टेबल आधीसारखं वाकडं करा, आपण परत खेळू. तुझं घरचं न हरणंही शाबूत राहील. फक्त हात लावणाऱ्याचं नाव द्यावं लागेल. तो लीगमधून कायमचा जाईल, पण त्याचं कोणाला काय? तो तर खेळतही नाही."

तक्रारीला वेळही फार नव्हता. त्यांच्या लीगची रीत अशी की सामना संपला की यजमानांची सँडविचची ताटं येतात, आणि हरलेल्या कॅप्टनने पहिला घास घेतला की निकाल पक्का. त्यानंतर देव जरी खाली येऊन म्हणाला की चेंडू पडला होता, तरी ऐकून घेत नाहीत.

ताट घेऊन क्रिस्पिनच आला. त्याने सगळं ऐकलं होतं. चेहरा सँडविचच्या पावासारखा पांढरा पडला होता.

"माझं नाव द्या, कॅप्टन," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तुम्ही इथे कधी हरला नव्हता."

"चूक तुझीच आहे!" ऑल्वेन कडाडली. "महामूर्ख आहेस तू! कुणी सांगितलं होतं? न खेळणारा माणूस टेबलाखाली शिरतोच कशाला? तुझ्या त्या पाणसळीने तुझंच डोकं मोजायला हवं, बुडबुड्याशिवाय काही सापडायचं नाही!"

"मग सांगून टाक ना नाव," बोस्टॉक म्हणाला.

नाव ऑल्वेनच्या जिभेवर होतं. नाव दिलं की हार पुसली जाणार होती. पहिले तीन चेंडू पुसले जाणार होते, मागचं ते हसू पुसलं जाणार होतं. आणि चौथाही. सामना रद्द म्हणजे सगळंच रद्द, नऊमध्ये जाऊन बसलेला तो चेंडूसुद्धा. आधीच्या हजारांतले किती तिचे आणि किती कोल्ह्याचे, याचा हिशोब आता कुणालाच लावता येणार नव्हता. हा एक मात्र तिचा होता. तो बोस्टॉकच्या सोयीसाठी परत करायचा? तिला असा काही संताप आला की कान गरम झाले.

तिने ताटातलं अंड्याचं सँडविच उचललं आणि बोस्टॉकच्या डोळ्यांत बघत कचकन चावा घेतला.

"अगं बये!" बोस्टॉक किंचाळला. "काय केलंस हे?"

"हरले," ऑल्वेन भरल्या तोंडाने म्हणाली. "ढाल तुमची. न्या."

"या गुणांवर? आम्हाला लोक हसतील!"

"हसू देत. जिंकलात ना? निमूट न्या."

'नांगर आणि पोळं'ची माणसं ढाल घेऊन निघाली ती दिवाळं निघालेल्या घरातून कपाट नेतात तशी, एकमेकांवर खेकसत. बॅरी दारात अडकला. तो कललेला आणि दार सरळ. त्याला तिरका करून बाहेर काढावं लागलं.

आयव्हर ग्लास गोळा करू लागला. ऑल्वेनने ओठांवरचं अंडं पुसलं आणि क्यूला खडू लावला.

"क्रिस्पिन. काळा लाव जागेवर."

क्रिस्पिनने खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि चेंडू त्यात धरायला गेला.

"हाताने!"

त्याने दचकून उघड्या बोटांनी काळा उचलला आणि ठिपक्यावर ठेवला. ऑल्वेनने मान खाली घातली, खळग्याकडे बघितलं, मारला. चेंडू शेकोटीकडे गेला.

"परत," ती म्हणाली.