अर्धी गोळी

बेंगळूरची संस्था पैसे थांबवणार आहे असं भैरवी मॅडमनी सांगितलं, तेव्हा मला पहिला राग त्या संस्थेचाच आला.

माझी बायको यल्लव्वा. तिच्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. तंबाखू-सुपारीचा नाद, दुसरं काय. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात तिला यंत्राखाली झोपवून किरणं दिली. त्याला आम्ही सगळे लाईटच म्हणतो. तिथंच मॅडमचं संशोधन चालू होतं. नुसत्या लाईटनं किती गुण येतो आणि लाईटबरोबर एक नवी गोळी दिली तर किती, हे बघायचं. गोळी कुणाला द्यायची ते कॉम्प्युटर ठरवायचा. यल्लव्वाच्या वाट्याला गोळी आली. वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून ज्याचा साड्या विणायचा माग आहे त्या भावकूला नुसती लाईट. लाईट संपल्यावरही गोळी वर्षभर घ्यायची होती आणि दुकानात ती मिळत नव्हती.

"मॅडम, हिची गाठ बसली की! मग पैसे का थांबवत्यात?"

"आप्पा, ज्यांना गोळी नाही त्यांचीही तेवढीच बसली आहे. दोन्हीकडे सारखंच. मग गोळीवर पैसा कशाला घालायचा, असं ते विचारतात. पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि माझ्याजवळ दाखवायला काही नाही."

"म्हंजे गोळी बंद?"

"बंद."

मी बरंच बोललो. बेंगळुरात पंख्याखाली बसून आमच्या बायकांचे गाल त्यांना कसे दिसतात, असंही म्हणालो. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. मी उठलो.

बाहेर व्हरांड्यात डबे उघडले होते. तपासणीच्या दिवशी वडगावचे आम्ही आणि निपाणी-बोरगावकडच्या बायका एकाच ठिकाणी बसतो. ताकात कालवलेला मऊ भात सगळ्यांत फिरतो, कारण तिखट कुणालाच चालत नाही. मी भावकूला सगळं सांगितलं. तो ठसका लागेपर्यंत हसला.

"सारखं न्हाय तर काय हुईल रं तम्मण्णा? मीबी तीच गोळी खातोय न्हवं!"

"कुठली?"

"वैनीची. रोज अर्धी."

मी यल्लव्वाकडे बघितलं. ती शांतपणे भात जपून गिळत होती. तिनं कमरेची पान-सुपारीची चंची सोडली आणि आतला अडकित्ता मला दाखवला. सुपारी सुटली होती, अडकित्ता सुटला नव्हता.

"एका पंगतीत बसवायचं, एकाला वाढायचं आन दुसऱ्याला नुसतं बघायला लावायचं? मला गिळवंना."

"अगं, औषध हाय ते! भात न्हवं."

"मग तर जास्तच."

समोरच्या निपाणीच्या बायका खाली बघायला लागल्या. त्यांच्यातही तेच चाललं होतं. लाईटच्या दिवसांत रोज भेट व्हायची, तेव्हा हिनंच त्यांना गोळी कापून दाखवली होती. मी डोकं धरून बसलो. कुणावर चिडायचं हेच कळेना.

"मॅडमना सांगूया," मी म्हणालो.

"आन मग?" भावकू म्हणाला. "वैनीची गोळी आजच जाईल. गप ऱ्हा."

"गप ऱ्हायलो तर सगळ्यांचीच जातीया."

"जाऊ दे की. सांगून शिव्या कशाला खायच्या?"

त्याचं चूक नव्हतं. सांगितलं तर दोन्हीकडे सारखं का आलं ते संस्थेला कळेल, पैसे कदाचित चालू राहतील, पण ज्यांनी गोळी वाटली त्यांना त्याचा उपयोग नाही. मी यल्लव्वाला तसं फोडून सांगितलं. ती कोपऱ्यातल्या मंजुश्रीकडे बघत राहिली. बोरगावची पोर, कडेवर लहान मूल, तोंडात नुकतीच गाठ सापडलेली. तिची लाईट अजून सुरू व्हायची होती. मग यल्लव्वानं चूळ भरली, पदर सारखा केला आणि मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

मॅडम ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या.

"सही घेताना मी सांगितलं होतं ना, गोळी दुसऱ्याला देऊ नका म्हणून?"

"सांगितलं हुतं. दुसऱ्याला तरास हुईल म्हणालासा. भावकूला तरास झाला न्हाय."

"दर वेळी विचारत होते, गोळी घेता का? तुम्ही हो म्हणायचा."

"घेतच हुते की. अर्धी."

"अहो आक्का, त्याला गोळी न देता बघितलं तरच कळणार ना, गोळीनं गुण येतो की नाही ते!"

"हे आधी का न्हाय बोललासा?"

गोळ्यांचं पाकीट मागण्यासाठी मॅडमनी हात पुढे केला. यल्लव्वानं ते दिलं. आत एक अर्धा तुकडाही होता.

बैठकीत बरीच ओढाताण झाली म्हणे. संस्थेनं थोड्याच दिवसांचे पैसे मंजूर केले, जुने पेशंट बाजूला काढून नव्यांवर पहिल्यापासून सुरुवात करा म्हणाले. एवढी माणसं, एवढी लाईट, सगळं वाया. आता मॅडम प्रत्येकाला समोर बसवून गोळी का वाटायची नाही ते कन्नडमध्ये, मराठीत, पुन्हा पुन्हा सांगतात.

परवा आम्ही तपासणीला गेलो होतो. यल्लव्वाचा गाल आतून पुन्हा कडक लागतो आहे. बघूया, एवढंच मॅडम म्हणाल्या. तेवढं म्हणतानाही त्यांनी हिच्याकडे बघितलं नाही.

व्हरांड्यात मंजुश्री बसली होती. तिच्या वाट्याला गोळी आली आहे. शेजारी निपाणीचा एक म्हातारा होता, त्याला नुसती लाईट. मंजुश्रीनं तळहातावर गोळी घेतली, त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आक्का, तुझा अडकित्ता हाय?"

"न्हाय. मोडला."

"मग दातानं—"

"पुरी गिळ!" यल्लव्वा एवढ्या जोरात ओरडली की मंजुश्रीच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं. "मॅडमनी सांगितलंय न्हवं? माझ्यासमोर गिळ. तोंड उघड, बघू दे."

मंजुश्रीनं गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. म्हाताऱ्याला काय कळलं कुणास ठाऊक. त्यानं आपला ताक-भाताचा डबा आमच्यापुढे सरकवला.

"घ्या की आक्का."

यल्लव्वाचा हात कमरेच्या चंचीवर, आतल्या अडकित्त्यावर होता. तो तिथून निघाला नाही.