पान दोनशे एक्केचाळीस

बाइंडरकाका मला पहिल्यापासून खटकायचे. लायब्ररीतल्या मासिकांचे गठ्ठे बांधायला घरी न्यायचे, आणि परत येताना गठ्ठा मला बारीक झालेला वाटायचा.

"शाळा सोडलीस आणि संशयाचं कॉलेज काढलंस," मावशी म्हणायची.

मावशी लायब्ररीत मासिकांची कार्डं लिहिते. कुठल्या वर्षाचा कितवा अंक आला, ते त्यावर. घरी बसून मी सगळ्यांशी भांडते, म्हणून तिनं मला लेबलं चिकटवायला आणलं.

मंगळवारी एका जुन्या विज्ञान मासिकाचं कार्ड हातात आलं. वर्ष अकरावं. सहाव्या अंकापर्यंत नीट, पुढं ‘७-८ जोडअंक’. मी बाइंडरकाकांनी बांधलेला खंड काढला. सातव्याच्या मुखपृष्ठावर नुसता सात. कसला जोड नि कसलं काय! त्याचं शेवटचं पान २२४. नववा अंक सुरूच होतो २५७ पासून. या मासिकात पानांचे आकडे वर्षभर सलग चालतात. म्हणजे मधली बत्तीस पानं कुणीतरी गिळली.

"मावशी, आठवा अंक होता."

तिनं वर पाहिलंच नाही. "लेबलं चिकटव."

"बाइंडरनं हरवला आणि तुला जोडअंकाची थाप मारली ना?"

"गप म्हटलं ना!"

गप बसता आलं असतं तर मी शाळेतच नसते का? तडक मोठ्या मॅडमकडे, ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी पानं पाहिली, काकांना बोलावलं.

"वीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे केला नाही, मॅडम."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले.

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. चौकशी होईपर्यंत त्यांचं काम बंद, मॅडम म्हणाल्या.

मावशीचे कान लाल झाले होते. हिला का एवढं लागलं? घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढंच चालली. आता मला तिचाच संशय यायला लागला.

घरी कपाट उघडलं. दाराच्या आत माझा देवमासा, पाच वर्षांची असताना वेडावाकडा कापून चिकटवलेला. रोज बघते. आज त्याचा कोपरा बघितला. २४१.

मावशीला हाक मारली.

"बाकीची पानं?"

"होड्या केल्यास," मावशी म्हणाली. "अंक मीच घरी आणलेला. नोकरी नवी होती, घाबरले. वाटलं, पानं कोण मोजतंय!"

"आणि काका?"

तिनं कपाटाचं दार लावून टाकलं.

सकाळी मी पातं घालून देवमासा सोडवला. शेपटी दारालाच राहिली. उरलेला मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"काकांना बोलवा. कापलं मी."

मावशी मागून आली. "आणि खोटं लिहिलं मी."

मॅडमनी कार्ड तिच्यापुढं सरकवलं. "हातात आहे तेवढंच लिहा. तुमचं मी नंतर बघते."

मावशीनं जोडअंक खोडून लिहिलं: ‘अंक ८, फक्त पृ. २४१-२४२, फाटलेलं.’

काका आले. माझी मान काही वर होईना. "चुकले, काका," एवढंच निघालं.

त्यांनी पान उलटंपालटं केलं. "चिकटवताना खळ फार लावलीस," ते म्हणाले.