पिंग-ऑनचा उजवा डोळा

दोन वर्षं लंडनने आमची पिंग-ऑन, कँटनहून आणलेली चिनी नौका, तिकीट काढून पाहिली. बायका आम्हा खलाशांच्या वेण्या ओढून खऱ्या आहेत का ते बघत, आम्ही भात खायला बसलो की तोंड वासून उभ्या राहत. मग सगळ्यांना कंटाळा आला. "हे कसलं गलबत! लाकडाची पेटी नुसती. जागची हलते तरी का?"

मालक पेटिफरसाहेबाने तिला लाकूडवाल्याला विकायचं ठरवलं. एकच आशा उरली होती. नदीच्या मुखाशी, ग्रेव्हसेंडला, एक चहाचा व्यापारी होता. तो म्हणाला होता, शनिवारी अंधाराच्या आत ती स्वतःच्या शिडांवर इथे आली, तर मी विकत घेऊन कँटनला धाडतो. म्हणजे आम्ही घरी!

शनिवारी वारा झकास, काठावर तोबा गर्दी. आणि आमचे सुकाणूवाले क्वोककाका हाताची घडी घालून बसलेले.

"काका, उठा की!"

"आधी तिचं तोंड बघून ये, लिओंग."

बघतो तर पेटिफरने साबणाच्या जाहिरातीची भलीमोठी फळी ठोकलेली, नेमकी उजव्या डोळ्यावर. जहाजाला डोळे रंगवतात ते तिला वाट दिसावी म्हणून. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं.

"आंधळीला ढकलत घरी न्यायचं?" काका म्हणाले. गावी त्यांची बायको वाट पाहत होती. "त्यापेक्षा फोडू देत तिला."

पेटिफर म्हणाला, "साबणवाल्याला शब्द दिलाय. वेडगळपणा पुरे!"

माझं डोकंच फिरलं. काठाकडे तोंड करून, येत होतं तेवढ्या इंग्रजीत बोंब ठोकली, "अहो, हिच्या डोळ्यात साबण घातलाय! चालेल कशी?"

रोज आम्हाला चिडवणारी शिंपलेवाली टगवेलबाई आपल्या होडीत ताडकन उभी राहिली. "ए पेटिफर, तुझ्या डोळ्यात घालू का साबण? मग धावून दाखव मेल्या!"

काठ हसून लोटपोट. "साबण काढा! साबण काढा!" पेटिफर लालबुंद होऊन खाली निघून गेला. बाईने होडी भिडवली आणि आकड्याने फळी उचकटून पाण्यात टाकली.

काका उठले. शिडं कडकडत वर चढली, पिंग-ऑनने एक हेलकावा खाल्ला आणि निघाली! कोळशाची गलबतं मागे पडली. पेटी म्हणणारे टोप्या उडवत काठाने धावत होते. मी हसत होतो आणि रडतही होतो, लाज कसली त्यात.

ग्रेव्हसेंडला व्यापारी धक्क्यावर उभा होता. उजेड अजून भरपूर होता.

"नांगर टाकू, काका?"

"टाक," काका म्हणाले, "पण फार खोल रुतू देऊ नकोस."