सालींचा चुरा आणि दोन जावा

मित्रांनो, मी एक जुने किसणीयंत्र आहे. नायजेरियातल्या अबेओकुटाच्या एका लोहाराने पत्र्याला खिळ्यांनी भोके पाडली, तो लाकडी ओंडक्याभोवती ठोकला, शेजारी छोटे इंजिन बसवले आणि माझा जन्म झाला. तुमच्याकडे ज्या कंदाचा साबुदाणा होतो, तो कसावा मी किसत असे. माझ्या मालकीणबाईंना सगळे इया सुबोमी, म्हणजे सुबोमीची आई, म्हणत.

कसाव्याच्या साली मात्र कुंपणापाशी कुजत पडत. वास सुटला की ढीग पेटवून देत.

इयांची धाकटी जाऊ अबेके मांसासाठी कोंबड्या पाळत असे. एका वर्षी त्यांच्या खाद्याचा मका इतका महागला, की ती खुराडी विकायला निघाली.

"विकू नकोस," इया म्हणाल्या. "शेळ्या ह्या साली खातात, मग कोंबड्या का नाही खाणार?"

"शेळ्या माझी चप्पलसुद्धा खातात, इया."

पण इया शेतकी शाळेत विचारून आल्या. ओली साल विषारी असते. ती किसायची, पोत्यात भरून दगडाखाली दाबायची, खडकावर कडक उन्हात वाळवायची आणि तो चुरा चाळून थोड्याशा मक्याच्या जागी सोयापेंडीबरोबर द्यायचा. सालींच्या मातीने माझे दात बोथट झाले, पण तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. कोंबड्या छान भरल्या. बाजारातल्या बायका चुरा मागायला येऊ लागल्या.

मग पावसाळा आला. अबेकेच्या कोंबड्या एका लग्नघराने ठरवल्या होत्या आणि खाद्य संपले होते.

"अजून दोन उन्हं हवीत," इया म्हणाल्या. "चुरा दाबून बघ, अजून गोळा होतोय."

"तुमची उन्हं येईपर्यंत माझ्या कोंबड्यांनी काय वारा खायचा?"

इया बाजाराला गेल्या, तशी अबेके तो ओलसर चुरा पोत्यात भरून कोंबड्यांना घालायला घेऊन गेली. मी पाहत होतो, पण मला वाचा नाही. सकाळी निम्म्या कोंबड्या मरून पडल्या होत्या.

"जावेनं विष दिलं मला," अबेके भर बाजारात म्हणाली.

इया एका शब्दानेही बोलल्या नाहीत. चुरा घ्यायला कोणी येईना. साली पुन्हा कुंपणापाशी जळू लागल्या. दोघी जावा विहिरीवरही तोंड फिरवून उभ्या राहत. थोड्याच वर्षांत इया वारल्या.

मातीला आलेल्या सुबोमीला अबेकेने विचारले, "तुझी आई तेव्हा गप्प का राहिली?"

"ती म्हणायची, ओला चुरा अबेकेनंच नेऊन घातला हे कळलं, तर तिच्याकडून पुन्हा कोंबड्या कोण घेईल?"

अबेके माझ्या गंजलेल्या पत्र्याला टेकून बसली.

"मला एकदा घरात बोलावून रागवायचं तरी होतं, इया," ती पुटपुटली.

मित्रांनो, साल वाळायला लागेल तेवढा वेळ द्या. रुसलेल्या माणसाच्या दारात जायला मात्र एवढा वेळ लावू नका.