केळवणघर कोणी घेतलं

गार्गी झोपली होती, सासूबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या, आणि घर इतकं शांत होतं की लेकीचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात तांदळाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि डब्याचं झाकण खडखडलं. गार्गीने कूस बदलली. मी धावत जाऊन फोन उचलला आणि पोटाशी गच्च धरला, जणू तोच रडायला लागला होता.

कुंदनभाऊंचा मेसेज होता. ‘ताई, भेट धुळ्याला ठेवा ना. जळगावला यायला आमची हरकत नाही. पण धुळ्याला ठेवा.’

धुळ्यालाच का? माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं. दिवाळीच्या आधी असं आलं नसतं. तेव्हा कुंदनभाऊ म्हणजे माझे गुरू होते, न पाहिलेले.

हा धंदाच न पाहिलेल्या माणसांचा आहे. सासूबाईंना मी एकदा समजावून सांगायला गेले होते. “इंटरनेटवर दुकान टाकायचं तर पाटीवर नाव लागतं. ते नाव आपण आधीच घेऊन ठेवायचं. पुढे ज्याला हवं असेल त्याला विकायचं.”

“आन् त्याने दुसरंच नाव ठेवलं तर?”

“तर आपल्याकडे राहतं.”

“म्हंजे पोराच्या आधी पाळणा घेऊन बसायचं,” त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. इतकं नेमकं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चोपड्यापासून धुळ्यापर्यंतचे सगळे डोमेनवाले, म्हणजे इंटरनेटवरची नावं घेणारे-विकणारे, त्यात आहेत. कोणी केळीचा व्यापारी, कोणी पार्लरवाली, कोणी माझ्यासारखी, पोर झोपलं की कामाला बसणारी. ग्रुपचा नियम एकच, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नाही: जे नाव अजून घेतलेलं नाही, ते उच्चारायचं नाही. दिवस गेलेले तिसरा महिना लागेपर्यंत आपण कोणाला सांगत नाही ना, तसंच.

दिवाळीत मी तो नियम एकदा मोडला. ‘केळवणघर’ हे नाव मला गार्गीला भरवताना सुचलं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलामुलींची लग्नं ठरतात, पण त्यांना केळवणाला बोलवायला तिथे मावशी नसते, काकू नसते. अशांना कोणीतरी घरी बोलवावं, ताटाभोवती रांगोळी काढावी, चार पदार्थ आग्रहाने वाढावेत. अशी घरं शोधून देणारं पान काढायचं. हे नाव मला विकायचं नव्हतं. इतकी नावं घेतली, विकली, सोडून दिली, पण हे एक माझं होतं.

कुंदनभाऊंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “भारी शे ताई. लगेच घ्या.” मी बोलता बोलताच नाव टाइप केलं आणि म्हटलं, “थांबा, रिकामं आहे का बघते.” रिकामं होतं. तेवढ्यात गार्गी झोपेतून घाबरून उठली. तिला थोपटलं, दूध दिलं, खाली अंगणात नेलं. संध्याकाळी परत बसले तर केळवणघर गेलेलं. मालकाचं नाव झाकलेलं. आमच्यात सगळेच ते झाकतात.

नाव मी एकट्या कुंदनभाऊंना सांगितलं होतं.

नवऱ्याला, नीलेशला, म्हटलं तर तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, “सांगितलं कशाला? तुला माणसं ओळखता येत नाहीत.” नीलेश पाइपच्या कंपनीत आहे. माझ्या कामाला तो ‘तुझं नावं ठेवणं’ म्हणतो. तरी नवरात्रात त्याने स्वतःहून एक लिंक पाठवली होती मला. नाव टाकलं की रिकामं आहे की नाही ते चटकन दाखवणारं पान. ‘तुझ्या कामाचं आहे बघ,’ असं खाली लिहिलं होतं. मला इतकं बरं वाटलं होतं की मी तीच लिंक ग्रुपवर टाकली, सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून. तेव्हापासून सगळे तेच पान वापरतात.

भेटीची कल्पना मीच काढली. ग्रुपवर लिहिलं, ‘एकदा समोरासमोर भेटू. ओळख होईल, शिकायला मिळेल.’ खरं कारण वेगळं होतं. मला कुंदनभाऊंचं तोंड बघायचं होतं. माणूस समोर बसून जेवताना किती खोटं बोलू शकतो, ते बघायचं होतं.

भेट ठरवणं म्हणजे लग्न ठरवण्याहून कठीण निघालं. धुळ्याचे म्हणाले धुळे, जळगावचे म्हणाले जळगाव. कोणी अमळनेर सुचवलं तर दोन्हीकडचे रागावले. हॉटेलचा हॉल सांगितला तर लगेच प्रश्न: ‘कॅमेरे आहेत का? मागून स्क्रीन दिसेल.’ लॅपटॉप आणायचे की नाही यावर दोन दिवस गेले. फोटो काढायचे नाहीत यावर मात्र क्षणात एकमत झालं. चोपड्याच्या लीलाधर आबांनी शेवटी आवाज पाठवला: “अरे, तुम्ही माणसं भेटायला येऊ राहिले का दरोडा टाकायला?”

मग मी नशिराबादजवळच्या आमच्या शेताचं नाव काढलं. थंडी पडली होती, वांगी आली होती, कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या उपटून रचलेल्या होत्या. भरीत पार्टी म्हटल्यावर धुळेसुद्धा गप्प झालं.

सापळा मी त्यानंतर रचला. तीन नावं तयार केली, कोणालाही मोह पडेल अशी. घराबाहेर कोणी न ऐकलेली. एकेक नाव आधी त्या पानावर टाकून पाहिलं. तिन्ही रिकामी. मग आमंत्रणाचे फोन करताना बोलता बोलता एकेकाकडे एकेक सोडलं. कुंदनभाऊंना म्हटलं, “सोमवारी खापरपोळी घेणार आहे, कोणाला सांगू नका.” लीलाधर आबांना सांगितलं सातपुडाकेळी. धुळ्याच्या डिंपलला, तिचं पार्लर आहे म्हणून, मेंदीअंगण. ज्याचं जाईल तो चोर.

गार्गी माझ्या मांडीवर बसून हे सगळं ऐकत होती. “कोण येणारे?”

“पाहुणे. आणि त्यांच्यात एक चोर.” मी तिच्या कानात म्हटलं. “कोणाला सांगायचं नाही हं.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे मात्र चमकत होते. तिला गुपित देताना मला किती गोड वाटलं, आणि तेच गुपित पोरीच्या तोंडावर किती मोठं दिसत होतं.

रविवारी सकाळी पुऱ्यांसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळता मळता मी एका हाताने फोन उघडला. खापरपोळी गेलेलं होतं. राग आला, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. म्हणजे माझा अंदाज खरा होता. मग सवयीने उरलेली दोनही टाकली. सातपुडाकेळी गेलेलं. मेंदीअंगणही गेलेलं.

तिघंही? आबासुद्धा? मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “काय वं, बाळंतिणीसारखी काय पाहू राहिली? तेल घाल त्याच्यात.”

शेतात माणसं येऊ लागली तशी मी प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघत होते. आणि तेही एकमेकांकडे तसंच बघत होते, हे गमतीचं होतं. फोन सगळ्यांनी पालथे ठेवलेले. कोणी कोणाला विचारलं, “काय नवीन घेतलं?” की उत्तर ठरलेलं, “काही नाही हो, बंदच केल्यासारखं आहे.” डिंपल लाल स्वेटर घालून आली होती. फोन आला की ती केळीच्या बागेत आत जाऊन बोलायची. लीलाधर आबा मळकट टोपी सावरत म्हणाले, “मयुरी, तुझ्या पाहुण्यांना पाणी विचारलं तरी हे म्हणतात, कशाला विचारलं?” सगळे हसले. मी हसले नाही. सातपुडाकेळी, मी मनात म्हटलं.

नीलेश पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजत होता. आज तो मोठ्या उत्साहात होता. मी न सांगता त्याने सतरंज्या टाकल्या, केळीची पानं कापून आणली. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात फोन.

कुंदनभाऊ सगळ्यांत शेवटी आले, बायकोला घेऊन. मी मनात धरला होता त्याहून किती वेगळा माणूस. बारीक, लाजरा, बोलताना चपलेकडे बघणारा. “बठ्ठा उनात का?” सगळे आले का, असं त्यांनी विचारलं, आणि मग मला बघून हात जोडले. “ताई, तुम्हीच ना? आवाजावरून मोठ्या वाटल्या होत्या.”

“तुम्हीही,” मी म्हटलं.

मी त्यांच्या बायकोच्या पानात पुरी वाढत होते तेव्हा ते उठून माझ्यामागे विहिरीपर्यंत आले. गार्गी माझ्या पदराला धरून होती.

“ताई, तुम्हाला एक विचारायचं आहे. खरं सांगाल का?”

“विचारा.” उलट मीच विचारणार होते.

“ती लिंक तुम्हाला कोणी दिली?”

मला कळेना. “कुठली?”

“नाव बघायची. तुम्ही ग्रुपवर टाकली ती.” त्यांनी आता पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “त्या पानावर मी नाव टाकलं की ते जातं. माझी चार चांगली गेली. आधी वाटलं, माझं नशीब. मग मी मुद्दाम एक बावळट नाव टाकलं, कोणी फुकट घेणार नाही असं. तेही गेलं. तिथं आपण काय टाकतो ते कोणीतरी बसून बघतंय, आणि आपल्या आधी घेतंय.”

खापरपोळी, सातपुडाकेळी, मेंदीअंगण. तीन माणसांना तीन वेगळी नावं, पण तिन्ही मी त्याच पानावर टाकून पाहिली होती. पहिल्यांदा, रिकामी आहेत का बघायला.

“मग केळवणघर?” मी विचारलं.

“मनाकडे शे. माझ्याकडेच आहे.” ते परत चपलेकडे बघू लागले. “तुम्ही फोनवर म्हणाल्या, थांबा, बघते. मला कळलं, तुम्ही तिथंच टाकणार. संध्याकाळपर्यंत गेलं असतं. फोन ठेवला आणि मी घेऊन टाकलं. तुमच्यासाठी.”

“मग सांगितलं का नाही?”

“घेतल्यावर आठवलं, लिंक तुम्हीच टाकलेली. म्हटलं, ताईचंच काम असेल तर? हे नाव मला मुद्दाम सांगितलं असेल तर, मी घेतो का बघायला?” ते हसले, पण डोळे ओले झाले होते. “धुळ्याला बोलवत होतो ते यासाठीच. आमच्या घरी जेवला असतात तर तोंड बघून कळलं असतं मला.”

विहिरीच्या कठड्याला धरून मी उभी राहिले. त्यांना मिठी मारावी की पाया पडावं कळत नव्हतं. तरी आतला एक कोपरा म्हणतच होता: हे खरं कशावरून? खापरपोळी गेलेलं पाहून सुचलेली गोष्ट असेल तर? संशय एकदा घरात आला की पाहुण्यासारखा जात नाही. त्यांनी तिथेच फोन काढला, माझा ईमेल विचारला, दोनदा बोटं चुकली त्यांची. मग माझ्या फोनवर केळवणघर आलं. माझ्या नावावर. मी ते नुसतं बघत राहिले.

“आता सांगा ताई. लिंक कोणी दिली?”

जाळाजवळ आबांचा आवाज चढला होता. कोणाला तरी ते तिखट कमी पडलं म्हणून चिडवत होते. नीलेश खाली बसून वांग्याची जळकी सालं काढत होता. बोटं भाजत होती तशी तो ती तोंडात घालत होता. फोन त्याच्या मांडीवर होता, पालथा. ‘तुझ्या कामाचं आहे बघ.’ त्यालाही कोणी पाठवली असेल. कंपनीतल्या कोणीतरी. त्याने न बघता पुढे ढकलली असेल, जशी मी ढकलली. तसंच असेल. खापरपोळी सुचलं तेव्हा मी ते ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हटलं होतं, आणि तो तिथेच चहा पीत होता. पण तो तर रोजच पितो. सतरंज्या, पानं, आजचा हा उत्साह, यातलं काहीच मी मागितलं नव्हतं.

“ओळखीच्याने,” मी कुंदनभाऊंना म्हटलं. “विचारते त्याला.”

त्यांनी मान हलवली आणि ते जेवायला गेले. आज संध्याकाळी गाडीत घरी जाताना विचारीन, असं मी ठरवलं. उद्या सकाळी विचारीन. गार्गी झोपल्यावर.

नीलेशने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि राखेने काळा झालेला हात हलवला. “या ना, गार होतंय!” तो ओरडला. तो किती खूश दिसत होता. मीही हात हलवला.

पदर ओढला गेला. गार्गीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, त्या दिवशीसारखंच, आणि बोटांच्या फटीतून ती हळूच बोलत होती.

“आई, सगळे आले. मग त्यांच्यातला चोर कोणता?”