फोडणीबंदी

आमच्या घरात हिंगावर बंदी आली ती नोव्हेंबरातल्या एका रविवारी, वरणाला फोडणी देताना. तेल तापलं होतं, मोहरी माझ्या मुठीत होती, आणि शार्दूलने येऊन शेगडी बंद केली. हरणाचं नाक फार तिखट असतं म्हणाला. फोडणीचा वास कपड्यांत मुरला की जाता जात नाही, आणि अर्ध्या मैलावरून हरणाला कळतं की मराठी माणूस आलाय. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडणार. तोवर या घरात हिंग नाही, लसूण नाही, उदबत्तीसुद्धा नाही.

शार्दूल माझा नवरा. इथल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. सासूबाईंनी हौसेने वाघाचं नाव ठेवलं, पण बाथरूममध्ये कोळी निघाला की हाक मला येते. या माणसाने उन्हाळ्यात रायफल घेतली. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, फोटो नागपूरला पाठवला. सासूबाईंचा उलट फोन आला की आपल्या घराण्यात कुणीतरी भोसल्यांच्या पदरी शिलेदार होतं. त्यानंतर आठवडाभर तो जिना उतरतानासुद्धा घोड्यावरून उतरल्यासारखा उतरत होता. पुढे कुठल्याशा व्हिडिओत त्याला कळलं की कुंकवालाही वास असतो. मग बिनवासाच्या ओल्या कागदांनी रायफल पुसत बसला. दस्त्याच्या खाचेतली हळद काही निघाली नाही.

या सगळ्याचे गुरू त्र्यंबक काका. निवृत्त प्रोफेसर. ते स्टेट कॉलेजला, म्हणजे आमच्या या अमेरिकन गावात, आले तेव्हा इथे तुरीची डाळ मिळत नव्हती, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. तीसेक वर्षं ते दर नोव्हेंबरात नारिंगी जाकीट चढवून जंगलात जातात. इथे राहायचं तर इथल्यासारखं राहावं, हा त्यांचा सिद्धांत. वाऱ्याची दिशा, हरणाची वाट, मचाणावर श्वास कसा घ्यायचा, यावर ते दिवाळीच्या फराळावर तासभर बोलले. फोडणीबंदीची कल्पनाही त्यांचीच. मी एकदा हळूच वसुधा काकूंना विचारलं की काकांनी आतापर्यंत किती हरणं मारली. काकू निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहेत, निदान चटकन करतात.

"एक," त्या म्हणाल्या. "आमच्या कॅमरी गाडीने. आणि खरं सांगायचं तर तेच येऊन आम्हांला धडकलं."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. शनिवार मात्र माझाही होता.

आरोहीला सहा महिने पूर्ण होत होते आणि त्या शनिवारी तिचं उष्टावण ठरलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा. मामा म्हणजे राजस, माझा धाकटा भाऊ, पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असतो. बारशाला तो आला नव्हता, त्याच्या कंपनीचं काहीतरी रिलीज होतं. आमचे बाबा गेले, आईला आता इतका प्रवास झेपत नाही. या खंडावर माझं माहेर म्हणजे हा एवढा एक सहा फुटी मुलगा. आईने चांदीची वाटी-चमचा धाडला होता, त्यावर आरोहीचं नाव घालून. फोनवर दर वेळी विचारायची, "राजस येतोय ना गं? घास त्याच्याच हातचा हवा." आणि मी म्हणायचे, तिकीट काढलंय आई, येतोय.

तो आला. बुधवारी संध्याकाळी, बॅगेत भाचीसाठी एक टोपडं आणि स्वतःसाठी नखशिखान्त झाडाझुडपांच्या छापाचा पोशाख घेऊन. त्याने आणि शार्दूलने महिनाभर आधीच आपसांत सगळं ठरवलं होतं. दोघांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक ग्रुपही होता. मी म्हटलं, अरे, शनिवारी उष्टावण आहे. राजस म्हणाला की ताई, हरीण सकाळी सातला येतं, आम्ही दहाला घरी. शार्दूल म्हणाला, फार तर साडेदहा. काकूंनी पंचांग बघून अकराच्या पुढची वेळ काढली होती, म्हणजे दोघांच्या मते मध्ये भरपूर वेळ होता. हरणाला हे वेळापत्रक कुणी कळवलं, ते मी विचारलं नाही.

खरी शिकारी घरात वेगळीच होती, आणि ती कुणाच्या लक्षात येत नव्हती. आरोही गेले काही आठवडे आमच्या ताटांवर डोळा ठेवून होती. मांडीवर बसायची, अंग जराही हलवायची नाही, आणि माझ्या हातातला घास ताटापासून तोंडापर्यंत जाताना नजरेने माग काढायची. घास माझ्या तोंडात गेला की तिचं तोंड आपोआप उघडायचं. मग रिकामंच मिटायचं. तिला कुणी व्हिडिओ दाखवले नव्हते. तिच्यापाशी ना जाकीट, ना मचाण, फक्त लाळेरं. हंगाम उघडायची तिच्याइतकी वाट आख्ख्या पेन्सिल्व्हेनियात कुणी बघत नसेल.

आणि तिच्या वाट्याला काय येणार होतं, तर बिनहिंगाचं वरण. कारण आम्ही सगळेच ते खात होतो. बिनलसणाची डाळ, उकडलेली फरसबी, वर मीठ. राजस दुसऱ्याच दिवशी ताटाकडे बघून म्हणाला की ताई, तुझ्या हाताची चव गेली यार. मी म्हटलं, चव गेलेली नाही, तिला तुम्हीच घराबाहेर काढलंय.

शुक्रवारी दुपारी मी आरोहीसाठी काढून ठेवलेल्या दुधाची बाटली घ्यायला फ्रिज उघडला. दुधाच्या बाटलीला खेटून दुसरी एक छोटी बाटली उभी होती, वर डोळे मिचकावणाऱ्या हरिणीचं चित्र. मी शार्दूलला बोलावलं. तो म्हणाला, अगं, कृत्रिम आहे ते, खरं नाही. माजावर आलेल्या हरिणीच्या मुताचा वास. झाडाच्या बुंध्याला लावायचा, म्हणजे नर ओढला जातो. थंड राहायला हवं म्हणून इथे ठेवलंय.

"म्हणजे हिंग चालत नाही," मी म्हटलं, "आणि हे चालतं."

"त्या वासाला हरीण येतं गं. हिंगाला पळतं."

संख्याशास्त्रज्ञ आहे, त्याच्यापाशी उत्तर असतंच. मी ती बाटली उचलून बाहेर पोर्चवर, त्याच्या बुटात ठेवली.

शनिवारी पहाटे दोन वीर निघाले. बिनवासाच्या साबणाने न्हालेले, बिनवासाचं मलम काखेत लावलेले, कपडे बंद डब्यातून थेट अंगावर. आरोही कडेवर जागी होती. राजसने लांबूनच तिला फ्लाइंग किस दिला, कारण जवळ घेतलं तर बेबी पावडरचा वास लागला असता. मी एवढंच म्हटलं, "अकरा, राजस." तो म्हणाला, "ताई, प्रॉमिस." बाहेर काकांनी हॉर्न वाजवला आणि कॅमरी गेली.

मी तांदूळ धुतले, डाळ शिजायला लावली. दहाच्या सुमारास काकू आल्या, नऊवारी नाही पण काठाची साडी नेसून. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. आईला व्हिडिओवर घेतलं, तिकडे रात्र झाली होती आणि ती ठेवणीतल्या साडीत बसली होती. अकरा वाजले. जंगलात रेंज नसते, फोन लागत नव्हते. मी मेसेज पाठवत राहिले, त्यापुढे एकच करडी खूण येत राहिली. आईने विचारलं, राजस कुठाय? मी म्हटलं, येतोय. नंतर पुन्हा विचारलं तेव्हा मी फोनचा कॅमेरा आरोहीकडे वळवला.

आरोही पाटाजवळ माझ्या मांडीवर होती. वाटीत मऊ भात, वरण, तूप. ती वाटीकडे बघत होती, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, अंग न हलवता. भात निवत चालला. बारा वाजत आले तशी तिने एकदा माझ्याकडे बघितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसतं तोंड उघडलं, आणि वाट बघून मिटलं.

मी काकूंना विचारलं की मामाशिवाय चालतं का.

"विनीता," काकू म्हणाल्या, "मी या गावात हजारेक पोरांना पहिला घास कधी द्यायचा ते सांगितलंय. कुणाच्या मामाला विचारून नाही सांगितलं. पोर तयार आहे."

मी आरोहीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि उठले. छोट्या कढईत तूप घातलं. जिरं. मग कपाटात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली हिंगाची डबी काढली आणि चिमूट सोडली. बिचारं घर. किती दिवसांनी त्याला आपला वास आला. काकूंनी डोळे मिटून श्वास घेतला. फोनवरून आई म्हणाली, "फोडणी दिलीस का गं?" जणू तिलाही आला.

दोन थेंब वरणावर घातले, कालवलं, चांदीचा चमचा भरला. आरोहीने घास घेतला, गालात फिरवला, भुवया वर गेल्या. अर्धा हनुवटीवर आला. मग तिने चमचा धरला, माझ्या हातासकट, आणि पुन्हा तोंडाकडे ओढला. ही शिकार साधली.

ते तिघे आले तेव्हा वाटी विसळून पालथी घातली होती. आधी काका आत आले, कुणाच्या डोळ्याला डोळा न देता. मग शार्दूल. मग राजस, एक डोळा लाल होऊन सुजलेला, त्यावर ओला रुमाल.

हकीकत तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली, पण जोडून घेतली ती अशी. नऊपर्यंत काही आलं नाही. भूक लागली. तेव्हा काकांनी मचाणावर पिशवीतून डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. तीस वर्षं ते हा डबा नेतात, स्वतः पहाटे उठून भरतात, चटणी स्वतः कुटतात. आमचे दोघे उकडलेल्या फरसबीवर जगलेले, तुटून पडले. आणि नेमका तेव्हा आला, भल्या मोठ्या शिंगांचा नर, चाळीस पावलांवर उभा. चटणीचा वास त्याला आवडला असावा. राजसने रायफल उचलली, तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावण्याआधी, नर नीट दिसावा म्हणून, डोळा चोळला. चटणीच्या बोटांनी. पुढचा आरडाओरडा ऐकून हरीण गेलं. मग थर्मासमधलं कोमट पाणी, मग ओढा शोधणं, मग अर्जंट केअरच्या दवाखान्यात रांग. तिथून फोन करायचं कुणाला सुचलं नाही.

काकूंनी राजसचा डोळा उघडून बघितला, काही झालेलं नाही म्हणाल्या. मग त्याची बोटं नाकाशी नेली आणि नवऱ्याकडे बघितलं. "फोडणीबंदी तुमचीच ना हो?" काका खिडकीतून वाऱ्याची दिशा बघू लागले.

राजसने आरोहीच्या हनुवटीवर वाळलेलं वरण बघितलं. पाटाभोवतीची रांगोळी, पालथी वाटी. त्याच्या चांगल्या डोळ्यातही पाणी आलं होतं, पण ते चटणीचं नसावं.

"ताई, पहिला घास माझा होता ना?"

"होता," मी म्हटलं.

त्याने भाचीला घ्यायला हात पुढे केले. काकूंनी ते मधेच अडवले. त्या हातांनी नाही, आज नाही. आरोहीने लांबूनच त्याच्याकडे बघितलं आणि ढेकर दिली.

थोड्या वेळाने शार्दूलने, हळूच, जेवायला काही आहे का विचारलं. होतं की. तिघांसाठी मी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. तीन ताटं मांडली, भात वाढला, वर वरण. घरभर हिंगाचा वास दरवळत होता. तिघांनी एकेक घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं.

"ताई," राजस म्हणाला, "याला फोडणी नाहीये."

"हंगाम अजून दोन आठवडे आहे ना रे," मी म्हटलं आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.