गोड्या पाण्याचे बारा अहवाल

यंत्रच बिघडलं असणार, असं बाळकृष्णला सकाळपासून तिसऱ्यांदा वाटलं.

अबू जलालच्या विहिरीचं पाणी गेली तीन वर्षं गोड होतं. दर तीन महिन्यांनी एक, असे बारा अहवाल. बाराही बाळकृष्णच्या सहीचे, बाराही एका माळेचे मणी. आणि तेराव्यात मीठ एकदम नऊपट! त्याने यंत्र पुसलं, पुन्हा चालवलं, शुद्ध पाणी घालून पडताळलं. आकडा ढिम्म हलेना.

यंत्र निर्दोष ठरल्यावर संशय अफनानवर गेला. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या सौदीकरणात पुढच्या महिन्यापासून ही सव्वीस वर्षांची मुलगी त्याच्या खुर्चीत बसणार होती, आणि तिला शिकवून तयार करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. हा नमुना तिने आणलेला. चूक तिची निघाली तर बरं, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"बाटल्या तीनदा विसळल्या होत्यास?"

"हो, उस्ताद."

"आणि पाणी विहिरीचंच?"

"मी स्वतः बादली सोडली. तुम्ही कसं घेता?"

साधाच प्रश्न, पण उगीच झोंबला. "चल, जाऊन बघू," तो म्हणाला.

अबू जलालच्या शेतापलीकडे कंपनीचं काम चाले. खोल खडकात दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं घुसवायची, खडक फोडायचा आणि वायू काढायचा. त्यामुळे विहिरीचं पाणी बिघडल्याचं अहवालांत दिसलं, तर कंपनीने वस्तीला पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन द्यायची, असा करार होता. म्हणजे तेरावा अहवाल खरा असेल तर पाइपलाइन आलीच. पण तीन महिन्यांत नऊपट? गाडीत त्याचं डोकं भणभणत होतं.

अबू जलालने नेहमीप्रमाणे बैठकीत बसवलं, वेलदोड्याची अरबी कॉफी, गहवा, ओतली, खजूर पुढे केले. अफनान सरळ आतल्या अंगणात, बायकांमध्ये गेली. विहीर तिथेच होती. बाळकृष्णने मात्र ती कधी पाहिली नव्हती. परक्याच्या घरात, बायकांमध्ये घुसायचं कसं? तो बाटल्या म्हाताऱ्याच्या हाती द्यायचा, म्हातारा आत पाठवायचा, गहवा संपेतो त्या भरून यायच्या. मग 'नमुना स्वतः घेतला' या रकान्यात बाळकृष्ण बिनदिक्कत बरोबरची खूण करायचा. नाशिकच्या आईवडिलांनी लावलेलं वळण ते, त्यात काही खोट असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

थोड्या वेळाने अफनान बाहेर आली. तिच्या मागे, पडद्याआड, म्हाताऱ्याची सून हफीजा उभी राहिली.

"उस्ताद," अफनान इंग्रजीत हळूच म्हणाली, "तुमच्या बाटल्या ही टँकरच्या गोड पाण्याच्या टाकीतून भरायची."

"काय? का?"

"सासरे म्हणायचे, पाहुण्यांना बाटल्या भरून दे. तिला वाटलं, तुम्हाला वाटेत प्यायला हव्यात. पाहुण्याला विहिरीचं मचूळ पाणी कसं द्यायचं?"

बाळकृष्ण गारठला. बाराच्या बारा अहवाल टँकरचे! खडक फोडायच्या आधीचा, पहिला, तोसुद्धा. मग विहीर कंपनीने नासवली, की ती पहिल्यापासूनच अशी? आता देवालाही सांगता येणार नाही. गप्प बसलं तर आधी गोड आणि मग खारट असं चित्र दिसेल, वस्तीला पाइपलाइन मिळेल आणि आपण मानाने घरी जाऊ. खरं सांगितलं तर कंपनी हात झटकेल आणि आपली तीस वर्षांची अब्रू धुळीला मिळेल. खोट्यातच सगळ्यांचं भलं दिसत होतं, आणि म्हणूनच त्याचा त्या भल्यावर विश्वास बसेना.

तेवढ्यात म्हाताऱ्याची चार वर्षांची नात, नूरैन, धावत येऊन आजोबांच्या मांडीवर बसली. दोन्ही दंड खाजवून लालभडक झालेले.

"हे काय झालं?" बाळकृष्णने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"उन्हाळ्यापासून आहे. मलम लावतो," म्हातारा म्हणाला. "आधी हिची अंघोळ टँकरच्या पाण्याने व्हायची. तू दर वेळी सांगायचास, पाणी उत्तम आहे. मग मीच म्हटलं, घरची विहीर एवढी चांगली असताना टँकर कशाला?"

पाइपलाइन, सही, अब्रू, काही सुचेना. दंडांवरचे ते चट्टे विहिरीच्या पाण्याचेच, हेही तो छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. त्याला फक्त रडू येत होतं.

"अफनान, यांना सांग," तो म्हणाला, "त्या पाण्याने मुलीला अंघोळ घालू नका. आणि सांग की मी ही विहीर कधी पाहिलीच नाही. बाटल्यांत काय होतं तेही सांग. अहवालात हेच लिही, माझ्या नावानिशी."

"मग पाइपलाइन?"

"माहीत नाही गं. मला खरंच माहीत नाही."

अफनानने सगळं सांगितलं. म्हातारा नातीच्या केसांवरून हात फिरवत राहिला. बोलली ती पडद्याआडची हफीजा.

"मला वाटलं, मळाने खाज सुटते," ती म्हणाली. "म्हणून मी दिवसातून दोनदा अंघोळ घालत होते."

हे अफनानने इंग्रजीत सांगितलं नाही. बाळकृष्णला ते तसंच समजलं.